फोटोलाही टायटल ब्लॉक हवा!

फर्स्ट इयरला ड्रॉइंगची शीट परत आली नाही असा माणूस आपल्या हॉस्टेलमध्ये शोधून सापडणार नाही. प्रोजेक्शन बरोबर, लाइनवर्क स्वच्छ, डायमेन्शन जागच्या जागी... आणि तरी सर शीट बाजूला सरकवतात. का? तर खालच्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक रिकामा. नाव नाही, तारीख नाही, स्केल नाही. "कुणी काढलंय, कशाचं आहे, मला काय स्वप्न पडणार आहे?" तेव्हा सरांचा भयंकर राग येतो. पुढे वर्कशॉपमध्ये बिननावाचं ड्रॉइंग हातात आलं आणि त्यावरून जॉब चुकला, की मग सरांचं म्हणणं पटतं.

आता मित्रांनो, माझा प्रश्न एवढाच आहे. शीटला जो नियम आपण चार वर्षं पाळतो, तो फोटोला का नाही पाळत?

आपल्या कॉलेजात फोटोंना तोटा नाही. नोटीस बोर्डावर फोटो, फेस्टच्या फ्लेक्सवर फोटो, ॲडमिशनच्या माहितीपत्रकात फोटो, मॅगझिनमध्ये तर पानोपानी फोटो. त्यातल्या एकाखाली तरी काढणाऱ्याचं नाव पाहिलंय? मागच्या अंकाच्या मुखपृष्ठावर "आपला निसर्गरम्य परिसर" म्हणून एक दणदणीत धबधबा होता. फार सुंदर होता, यात वादच नाही. पण तो मावळातला नाही! कुठला आहे हे मुखपृष्ठ करणाऱ्यालाही सांगता आलं नाही, कारण तो नेटवरून उतरवलेला. लोणावळ्यात राहून, जून ते सप्टेंबर खिडकीतून धबधबे दिसत असताना, आपण धबधबा उसना आणला. याला काय म्हणायचं?

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो वलवणच्या फोटोवाल्या काकांमुळे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. नावासाठी भांडणारा लेख आणि त्यात काकांचंच नाव नाही, हे विचित्र वाटेल, पण त्यांनीच सांगितलं, "लेखात मी नको. फोटोखाली छापा, तिथे चालेल."

काकांचं दुकान जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या जवळ. बोर्डावर पासपोर्ट, लग्न, बारसं, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि हल्ली एका कोपऱ्यात नव्या रंगात "प्री-वेडिंग". आपल्यातल्या कितीतरी जणांचे ॲडमिशनच्या वेळचे फोटो तिथेच निघालेत. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, आणि रात्रभर एसटीत बसून आलेला चेहरा. मी तिथे झेरॉक्स काढायला जायचो. एकदा त्यांचा मदतनीस गावी गेला होता, म्हणून रविवारी रिफ्लेक्टर धरायला येशील का म्हणाले. गेलो, आणि मग जातच राहिलो. पोहे, चहा आणि वर थोडे पैसेही मिळतात, मेसच्या रविवारच्या पोह्यांपेक्षा ते पोहे चांगले असतात, हे रेक्टर सरांनी वाचलं तरी चालेल.

लोणावळ्यातला फोटोग्राफर म्हटलं की आपल्याला वाटतं धुकं, डोंगर, जोडपं, झालं काम. प्रत्यक्षात काकांचं बरंचसं पोट बंगल्यांवर चालतं. तुंगार्लीत, वलवणात, पवनेच्या बाजूला भाड्याने देण्याचे बंगले आहेत. मालकांना बुकिंगसाठी फोटो लागतात. सकाळी उजाडायच्या आत पोचायचं, कारण वारा सुटायच्या आधी स्विमिंग पूलचं पाणी आरशासारखं असतं. खोलीचे फोटो काढताना कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि अगदी लेव्हलमध्ये, नाहीतर भिंती वर जाऊन एकमेकींवर कलतात. खिडकीबाहेरचा डोंगर आणि आतला पलंग दोन्ही दिसायला हवेत, म्हणून एकाच जागेवरून कमी, मध्यम आणि जास्त एक्सपोजरचे तीन फोटो घेऊन नंतर एकत्र करायचे. आणि लेन्स सोळा मिलिमीटरची! दहा बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते. मी म्हटलं, काका, ही तर फसवणूक झाली. ते म्हणाले, "खोली तेवढीच आहे, मी फक्त कोपऱ्यात उभा राहिलो." मला हे उत्तर पटलं नाही, अजूनही पटत नाही. खोलीची मापं फोटोखाली लिहिली तर लेन्स कितीही रुंद असू दे, माझी तक्रार नाही. स्केल न लिहिता ड्रॉइंग देण्याचाच हा प्रकार आहे.

चिक्कीच्या दुकानाचं काम त्याहून किचकट. चिक्की जुलैत उघडी ठेवली की दहा मिनिटांत तिला घाम सुटतो, गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो. त्यामुळे एक तुकडा मांडायचा, भराभर चार फोटो, तो बाजूला, दुसरा तुकडा. (बाजूला काढलेले तुकडे कुठे जातात हे सांगायला नकोच.) गुळाची चकाकी मारायची नाही पण पांढरा डागही येऊ द्यायचा नाही, त्यासाठी मी रिफ्लेक्टर धरून अर्धा तास एका पायावर.

धुक्याची एक गंमत सांगतो, ही आपल्या सिलॅबसला जवळची आहे. कॅमेऱ्याचं मीटर असं गृहीत धरतं की समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे, साधारण अठरा टक्के प्रकाश परत फेकणारं. धुकं त्यापेक्षा कितीतरी उजळ असतं. मीटर बिचारं धुक्याला करडं करायला जातं आणि फोटो काळवंडतो. म्हणून मुद्दाम एक-दीड स्टॉप वाढवावा लागतो. इन्स्ट्रुमेंटेशनच्या तोंडी परीक्षेत "कॅलिब्रेशन कशासाठी?" याला मी हेच उदाहरण दिलं, बाहेरून आलेल्या परीक्षकांना आवडलं.

आणि कार्ल्याचं चैत्यगृह. आपण सकाळी सहा वाजता बाइक काढून जातो आणि आत काळोखाचे फोटो काढून येतो. अरे, लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे! पावसाळा सरल्यावर दुपार कलली की ऊन त्या घोड्याच्या नालासारख्या खिडकीतून आत येतं, आणि वरच्या लाकडी फासळ्या दिसायला लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड आहे ते. भाज्याचंही तोंड पश्चिमेलाच. ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते. काका तो अर्ज करतात, बाहेरून आलेले बहुतेक जण पहारेकऱ्याशी वाद घालतात. धरण टाटांचं, तिथे मनाला येईल तसं शिरता येत नाही. आयएनएस शिवाजीच्या बाजूला कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही. ड्रोनचं तर 2021 च्या नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे भाग पाडलेत, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पंखा फिरवता येत नाही. म्हणूनच काकांच्या बोर्डावर "ड्रोन" नाही. "बोर्डावर लिहिलं की लोक कुठेही उडवायला सांगतात," असं त्यांचं म्हणणं.

आपण "बटण दाबायचे पैसे?" म्हणतो तेव्हा यातलं काहीही आपल्या हिशेबात नसतं. गॅदरिंगचे काका साधारण हजार-बाराशे फोटो काढतात, त्यातून अडीचशे निवडतात, त्यात त्यांच्या दोन रात्री जातात. पावसाळ्यात लोणावळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कपड्यांना जी बुरशी लागते तीच लेन्सला लागते. म्हणून लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात. एक लेन्स बुरशीने गेली, तर गॅदरिंगच्या चार बिलांचे पैसे गेले. गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये मात्र बेरीज वाढली की पहिली काट फोटोग्राफरवर. डीजेला कुणी विचारत नाही की अमक्याच्या रूमवर मोठे स्पीकर आहेत, तुम्ही कशाला?

मान्य आहे, फोन चांगले झालेत. कट्ट्यावरचे, ट्रिपचे, वाढदिवसाला तोंडाला केक फासल्याचे फोटो मित्रानेच काढावेत, त्याला काकांची गरज नाही. आपल्यातल्या काही जणांचा हात खरोखर चांगला आहे. माझं भांडण फोनशी नाही. त्यांच्याही फोटोखाली त्यांचं नाव नसतं, हेच तर रडगाणं आहे.

आता जरा वेगळं. काकांचं एक काम असं आहे की ज्याचा बोर्डावर उल्लेख नसतो. पंचनाम्याचे फोटो. घाटातला अपघात, धबधब्यात वाहून गेलेला मुलगा, दरीत पडलेली गाडी... गावोगावचे फोटोग्राफर वर्षानुवर्षं पोलिसांबरोबर हे काम करत आलेत. 1 जुलै 2024 पासून नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा आला, त्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरणच सक्तीचं झालं, पोलिसांच्या हातात फोन आले, तसं काकांना बोलावणं कमी झालं. ते त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. एकदाच म्हणाले की त्या फोटोंना मात्र सगळं लिहावं लागायचं. जागा, वेळ, कुठल्या बाजूने काढला, शेजारी मापाला पट्टी. म्हणजे बघा, माणूस मेल्यावरच्या फोटोला आपण टायटल ब्लॉक भरतो. जिथे जाऊन तो मेला, त्या जागेच्या सुंदर फोटोला भरत नाही.

30 जून 2024 चा रविवार आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. एकमेकांना धरून पाण्याच्या मधोमध उभे असलेले ते लोक, हा व्हिडिओ देशभर फिरला. शिवदुर्गची मुलं शोधायला उतरली होती. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी धोक्याच्या ठिकाणांवर बंदीचे आदेश काढले. पुढच्या वर्षी, 15 जून 2025 ला, तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट कोसळला, चार जण गेले. स्ट्रक्चरच्या दृष्टीने त्या पुलाबद्दल बोलण्यासारखं खूप आहे, पण तो सिव्हिलवाल्यांचा प्रांत.

हे लोक काय पाहून येतात? फोटो पाहून येतात. कुठला महिना, किती वाजता, वरच्या डोंगरात त्या दिवशी पाऊस किती झाला होता, यातलं काहीच फोटोखाली नसतं. ऑक्टोबरात पोटरीएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या मुलीचा फोटो बघून माणूस जुलैत त्याच दगडावर उभा राहतो. आणि डोंगरातला ओढा आधी कळवून वाढत नाही. वर कोसळला की खाली काही मिनिटांत पाणी येतं, खाली ऊन असलं तरी.

मी काकांना तोंडावर विचारलं, की यात तुमचाही हात आहेच ना? तुमच्यासारख्यांचे फोटो बघूनच गर्दी होते. ते चिडले नाहीत. म्हणाले, गेल्या वर्षी एक जोडपं आलं होतं, त्यांच्या फोनमध्ये एक नमुना होता, कड्याच्या अगदी टोकावर पाठमोरे उभे. तसाच हवा म्हणाले. काकांनी नाही म्हटलं, दहा पावलं मागे उभे राहा, लेन्सने मी कडा जवळ आणतो म्हटलं. त्यांना ते नको होतं. बुकिंग गेलं. "मग?" "मग काय, दुसऱ्याने काढला. चांगला आला." एवढं सांगून काका बॅटऱ्या चार्जिंगला लावायला गेले.

एकट्या काकांनी नाही म्हणून भागत नाही, हे उघड आहे. कड्यावरचा फोटो कुणीतरी काढणारच. पण लेन्सने कडा जवळ आणता येतो, हे आपल्या किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं. लायन्स पॉइंटला रात्री दोन वाजता रील काढायला जाणाऱ्या आपल्याच विंगमधल्या वीरांनाही नाही. (नावं लिहीत नाही, रेक्टर सर वाचतात.) लांब फोकल लेंग्थ वापरली की मागचा डोंगर माणसाच्या पाठीशी येऊन बसतो. सुरक्षित जागी उभं राहून तोच फोटो मिळतो. जागेच्या आणि लेन्सच्या या माहितीचे पैसे स्थानिक फोटोग्राफर घेतो, आणि ते द्यायला हवेत.

बरं, नावाचा प्रश्न आजचा नाही. आपण जो घाट रोज ऐकतो, म्हणजे रात्री ज्याच्या इंजिनांचा आवाज हॉस्टेलपर्यंत येतो, त्या बोरघाटाचं काम 1856 ला सुरू झालं आणि 1863 ला संपलं. पंचवीस बोगदे, मध्ये खंडाळ्याला गाडीचं तोंड उलट करायचं स्टेशन, जे 1929 मध्ये बंद झालं. पहिल्या कंत्राटदाराने अर्ध्यात सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, 1859 मध्ये विलायतेहून आला आणि काही दिवसांतच आजाराने गेला. त्याची बायको ॲलिस परत गेली नाही. तिने कंत्राट हातात घेतलं, अनुभवी माणसांना कामावर नेमलं आणि ते पुरं करवलं. आपल्याला कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये तिचं नाव कुणी शिकवत नाही, ते राहू दे. याच ॲलिसने घाटाच्या कामाचे फोटोही काढले. त्या काळी कॅमेरा म्हणजे पेटी, काचा, रसायनं, काळा तंबू, सगळा बैलगाडीचा संसार. ते फोटो बघा. अर्धे बांधलेले पूल, दगडात कोरलेली वाट, आणि कोपऱ्यात बारीक बारीक माणसं. काढणारीचं नाव आज निदान सांगता तरी येतं. त्या माणसांपैकी एकाचंही नाव नाही. 1861 च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसं या घाटात राबत होती, पटकीने किती मेली त्याची मोजदाद नाही. आपल्या आसपासच्या गावांत त्यांची पतवंडं, खापरपतवंडं असतीलही, पण फोटोतल्या कुणाकडेही बोट दाखवून "हा आमचा" असं कुणाला म्हणता येणार नाही.

मुंबईत त्याच सुमारास हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या आपल्या माणसांनी फोटोचे स्टुडिओ काढले होते. स्टुडिओचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला असायचा आणि त्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव छापलेलं. दीडशे वर्षांपूर्वी नाव छापायची रीत होती, आपण ती मोडली! गौतम राजाध्यक्षांनी काढलेला चेहरा म्हटलं की लोक नटीइतकंच त्यांचं नाव घ्यायचे. सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, 2016 ला त्यांना पद्मश्री मिळाली. ही मोठी नावं झाली. माझं म्हणणं वलवणच्या, कामशेतच्या, वडगावच्या दुकानातल्या माणसाबद्दल आहे.

काकांच्या दुकानात काउंटरच्या मागे एक कृष्णधवल फोटो आहे. वलवणचं धरण, पाणी अगदी काठोकाठ, आणि पुढे हाफ चड्डीतला एक मुलगा. फोटो काकांच्या वडिलांनी काढला. या धरणाच्या कामाची कोनशिला 1911 ला बसली, 1915 ला त्याच पाण्यावर खोपोलीत वीज तयार होऊन मुंबईच्या गिरण्यांना गेली. म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी हे तीर्थक्षेत्रच. तर त्या फोटोच्या मागे काहीही लिहिलेलं नाही. कुठल्या सालचा पूर? माहीत नाही. मुलगा कोण? काका बरीच वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते. मध्यंतरी एक म्हातारे गृहस्थ नातवाचा पासपोर्ट फोटो काढायला आले आणि बघतच राहिले. तो मुलगा त्यांचा भाऊ. तो पुढे कामासाठी गेला आणि परत आलाच नाही, घरात त्याचा एकही फोटो नाही. काकांनी त्यांना लगेच एक प्रिंट काढून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि मूळ फोटोच्या मागे पेन्सिलने नाव लिहिलं. साल अजून रिकामं आहे. दुकानाच्या पोटमाळ्यावर निगेटिव्हचे डबे पडलेत. निम्मे दमटपणाने एकमेकांना चिकटलेत. त्यात या गावाची पन्नास-साठ वर्षं आहेत, आणि बहुतेकांवर काही लिहिलेलं नाही.

डिजिटलमध्ये हा प्रश्न राहायला नको होता. प्रत्येक फाइलच्या पोटात एक्झिफ नावाची माहिती असते. तारीख, वेळ, शटर, लेन्स, फोनमध्ये सुरू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. काढणाऱ्याचं नाव कॅमेऱ्यात एकदा भरलं की प्रत्येक फोटोत आपोआप जातं. म्हणजे टायटल ब्लॉक तयारच मिळतो! आणि आपण काय करतो? व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. तिथे फोटो दाबून लहान होतो आणि ही सगळी माहिती गळून पडते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. एवढं साधं आहे. गॅदरिंगचे पाच वर्षांपूर्वीचे फोटो आज मागा, ग्रुपवरून ग्रुपवर फिरून धुरकट झालेले मिळतील, आणि नाटकात सेनापती कोण झाला होता ते कुणालाच सांगता येणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर 1957 चा कॉपीराइट कायदा वाचून बघा, लायब्ररीत आहे. फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर मालकी पैसे देणाऱ्याची, म्हणजे गॅदरिंगचे फोटो कॉलेजचे. इथे काकांची काही तक्रार नाही. पण हा फोटो मी काढला, हे सांगायचा हक्क मालकी गेली तरी काढणाऱ्याकडेच राहतो. नेटवरून उचललेल्या धबधब्यावर तर आपली ना मालकी, ना परवानगी. सेमिनार रिपोर्टमध्ये चार ओळी उचलल्या तर गाइड कान धरतात, मुखपृष्ठावर आख्खा धबधबा उचलला तर कुणी काही बोललं नाही.

आता काय करावं, तर फार काही नाही. गॅदरिंगच्या बजेटमध्ये फोटोग्राफरची ओळ कापू नये, आणि माणूस पुण्याहून न आणता जवळचा घ्यावा. त्याला ॲडव्हान्स द्यावा. जेवायच्या वेळी पाहुण्यांच्या आधी नाही तर निदान आचाऱ्याच्या आधी बोलवावं. काकांनी आपल्या एका कार्यक्रमाला रात्री अकरापर्यंत फोटो काढले आणि शेवटी त्यांना कुणीतरी वेफर्सचं पाकीट दिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. छापल्या जाणाऱ्या प्रत्येक फोटोखाली नाव, जागा, तारीख. पावसाळी ठिकाण असेल तर महिना नक्की, आणि जमलं तर "या जागी जुलैत उतरू नये" अशी ओळ, सुंदर फोटो थोडा कमी सुंदर दिसला तरी. मूळ फाइल्स लायब्ररीत एका हार्ड डिस्कवर, वर्षाच्या नावाने. ग्रंथपाल मॅडमना मी विचारलंय, जागा आहे म्हणाल्या, डिस्क कोण देणार तेवढं ठरायचंय.

या लेखासोबत कार्ल्याचा फोटो आहे, तो काकांचा. संपादक मंडळाने त्याचे पैसे दिलेत, रक्कम कमी आहे पण पावती आहे. खाली नाव, जागा, तारीख आणि वेळ छापायचं कबूल झालंय. मागे एका अंकात बाइंडिंगवाल्याने खालची अर्धी ओळ कापली होती, म्हणून फोटो पानाच्या वरच्या बाजूला घ्या, एवढा निरोप काकांनी पाठवलाय.